बुचाचं माप



लूना ही आमच्या नगरची गाडी. 1972 साली कायनेटिक इंजिनिअरिंगने ती बाजारात आणली आणि सायकलवर भागवणाऱ्या कितीतरी घरांत पहिलं इंजिन आलं. आमच्याही. अब्बा मागे बांगड्यांची पेटी बांधून लूनावर आठवडे बाजार करायचे.

लूनाचं इंजिन टू-स्ट्रोक. त्यात तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. ते पेट्रोलबरोबर आत जातं, पिस्टनला वंगण देतं आणि जळून धुरावाटे बाहेर पडतं. जास्त झालं तर प्लगवर काजळी धरते, सायलेन्सर चोंदतो. कमी झालं तर पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो. म्हणून अब्बा बाटलीच्या बुचाने मोजून तेल घालत.

1989 ची गोष्ट. दिवाळी तोंडावर होती. मी कॉलेजात होतो. अब्बांनी पेट्रोल भरायला पाठवलं. तेलाचे पैसे मी वाचवले आणि कवितांचं एक जुनं पुस्तक घेतलं. टाकीत आधीचं तेल असेलच, अशी मनाची समजूत घातली. त्या संध्याकाळी बाजाराहून परतताना वांबोरी घाटात लूना अडकली. अब्बांनी पेटीसकट ती माथ्यापर्यंत ढकलत आणली, तिथून टेम्पोत टाकून रात्री घर गाठलं. पिस्टन गेला, सिलिंडर गेला, ऐन दिवाळीचे तीन बाजार बुडाले. मी कबूल केलं. अब्बा एवढंच म्हणाले, "किताब तो अच्छी है ना?"

तेव्हापासून तेलाच्या बाबतीत मी अंदाजाने वागत नाही.

आज माझी वीस वर्षांची फोर-स्ट्रोक मोटारसायकल आहे. "जुनी झाली, जाड तेल घाला," असं अनेक जण सांगतात. जाड तेलाने धूर थोडा कमी दिसेल. पण झिजलेली रिंग भरून येत नाही. उलट सकाळी थंड इंजिनात ते उशिरा वर पोचतं. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडाच पाहावा. 20 डब्ल्यू 40 मधला पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा तापल्यावर किती दाट राहतं ते. मोटारीचं तेल मोटारसायकलला घालू नये. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो; मोटारीच्या तेलाने तो घसरू शकतो.

तेल काळं झालं म्हणून घाबरू नका. आतली काजळी ते धरून ठेवतं, हे त्याचं कामच आहे. मात्र दुधासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी शिरलंय असं समजा. पातळी पाहताना गाडी सपाट जागी सरळ उभी करा. पातळी वरचेवर उतरत असेल, तर नुसतं तेल ओतत न बसता मिस्त्रीला दाखवा.

आणि काढलेलं तेल गटारात किंवा मातीत ओतू नका. आपला जिल्हा दुष्काळाचा; विहिरीचं पाणी नासवणं आपल्याला परवडणारं नाही. डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्या, तिथून ते शुद्धीकरणाला जाऊ शकतं.

अब्बा आता नाहीत, लूनाही विकली. ते बूच मात्र त्या कवितांच्या पुस्तकाशेजारी ठेवलंय.