लिहून उभारलेली यंत्रे



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत छापून आला तेव्हा एका वृद्ध स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "क्लाउड म्हणजे ढगच ना? मग मृगात बोला. वैशाखात ढगाचा काय उपयोग?" मराठवाड्यातल्या माणसाने ढगाकडे असा हिशेब मागावा, हे रास्तच आहे. परंतु आज ज्या ढगांविषयी बोलायचे आहे त्यांतून पाणी पडत नाही आणि ते आभाळातही नसतात. ते मुंबईत, पुण्यात, हैदराबादेत मोठ्या इमारतींमध्ये, कडक पहाऱ्यात, जमिनीवरच असतात. आत हजारो संगणक रांगेने मांडलेले, त्यांना अखंड वीज आणि अखंड गारवा. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यामुंबईकडे अशी केंद्रे उघडली, अॅमेझॉनने २०१६ साली आणि गूगलने २०१७ साली मुंबईत. केंद्र सरकारने आपल्या या योजनेस ‘मेघराज’ असे भारदस्त नाव दिले, आणि महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या जानेवारीत याविषयीचे धोरणच जाहीर केले. मर्म इतकेच की संगणक विकत न घेता भाड्याने घ्यावा, पाहिजे तितका वेळ वापरावा आणि परत करावा.

हे भाड्याचे यंत्र उभे कसे करतात, हा आपला आजचा विषय. तो कारागिरांचा आहे, आम्हा गावकऱ्यांस त्याचे काय, असे कोणास वाटेल. आम्हांसही वाटत असे. ते का वाटेनासे झाले ते आधी सांगतो.

आमच्या परिचयाची एक शिक्षणसंस्था आहे. तिचे नाव घेत नाही, कारण तिच्या समितीवर आम्ही स्वतः होतो आणि दोष आमचाही आहे. संस्थेचे प्रवेश, फीच्या पावत्या, गुणपत्रके हे सारे अशाच एका भाड्याच्या यंत्रावर चाले. ते अंबडकडच्या एका हुशार मुलाने बसवून दिले होते. पुढे त्याला पुण्यास चांगली नोकरी लागली, आम्ही पेढे खाल्ले, आणि तो गेला. ऐन जूनमध्ये यंत्र बंद पडले. मुलाने जाताना एक वही लिहून ठेवली होती, ती कपाटातून काढली. अक्षर सुरेख. पहिली चार पाने अगदी तपशिलवार. पाचव्या पानावर मात्र एकच ओळ : "यापुढे नेहमीप्रमाणे करावे."

हे ‘नेहमीप्रमाणे’ कोणास ठाऊक होते? त्या मुलास. त्याला फोन लावला तर तोही म्हणाला, "सर, तीन वर्षे झाली. त्या वेळी काय काय केले ते आता आठवत नाही." संस्था नऊ दिवस हाताने पावत्या फाडत होती. खेड्यातून आलेले पालक दोन-दोन खेपा घालून परत जात होते, आणि एस.टी.चे भाडे त्यांना कोणी परत देत नव्हते.

आता कारागिरांनी या ‘नेहमीप्रमाणे’चा बंदोबस्त कसा केला ते पाहू. १९९३ साली ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी एक प्रणाली लिहिली. यंत्राची स्थिती कशी असावी हे कागदावर मांडायचे आणि यंत्राने स्वतःला त्या स्थितीस आणायचे, अशी तिची कल्पना होती. अॅमेझॉनने २०११ साली क्लाउडफॉर्मेशन आणले. २०१४ साली मिचेल हाशिमोटो आणि अर्मोन डॅडगर यांच्या कंपनीने टेराफॉर्म आणले. या पद्धतीस ‘इन्फ्रास्ट्रक्चर अॅज कोड’ म्हणतात. आम्ही तिला लेखी साचा म्हणतो. हा साचा म्हणजे साधी मजकुराची फाइल. तीत लिहिलेले असते : यंत्र मुंबईच्या केंद्रात हवे, एवढ्या ताकदीची तीन हवीत, माहितीचा साठा निराळा ठेवावा, बाहेरून येण्यास एकच दार उघडे असावे, रोज रात्री राखीव प्रत काढावी. कसे करावे हे त्यात फारसे नसते, काय असावे हे असते. वहीत आणि साच्यात फरक हा की वही माणूस वाचतो, आणि साचा यंत्र वाचते व तसे करते. फाइल लागू करण्यापूर्वी यंत्र सांगते की इतक्या वस्तू वाढतील, इतक्या बदलतील, इतक्या मोडतील. आपण होकार दिला की काम सुरू. तीच फाइल दहा वेळा लागू केली तरी तीनाची तीसच यंत्रे होत नाहीत, तीनच राहतात. मुदतीच्या शेवटच्या दिवशी अर्ज भरणाऱ्यांची झुंबड उडते तेव्हा तीनाचे आठ करायचे आणि गर्दी ओसरली की पुन्हा तीन, एवढा एक आकडा बदलावा लागतो.

जालन्याच्या श्रोत्यांस ही गोष्ट बियाण्याच्या भाषेत सांगितली तर अधिक लवकर पटेल. हे बियाण्याचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथेच महिको सुरू केली, आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जाफराबाद आणि शेजारच्या देऊळगाव राजाच्या बाजूस बीजोत्पादनाचे प्लॉट आपण सर्वांनी पाहिले आहेत. नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या. फुलाफुलाला हात लावून परागीकरण करणाऱ्या बाया. आता संकरित कपाशीचे पीक जोमदार आले म्हणून त्याचीच सरकी कोणी पुढल्या वर्षी पेरीत नाही. पेरली तर एक झाड उंच, एक खुजे, एकाला बोंडे लवकर, एकाला उशिरा. म्हणून बीजोत्पादक दर वर्षी मूळ नर-मादी वाणांकडे परत जातो आणि संकर पुन्हा करतो. त्याची खरी ठेव शेतात डोलणारे पीक ही नसते. जपून, शुद्ध राखलेले ते मूळ वाण ही असते.

यंत्रांचे नेमके असेच आहे. चालू यंत्राला आज एक ठिगळ, उद्या दुसरे, परवा कोणी घाईत तिसरे लावले की ते यंत्र जगात एकुलते एक होऊन बसते. ते कोसळले की तसे दुसरे करता येत नाही. म्हणून चांगले कारागीर बिघडलेले यंत्र दुरुस्त करण्याच्या भरीस पडत नाहीत. ते साचा दुरुस्त करतात, त्यातून नवे यंत्र उभे करतात आणि जुने मोडतात. फरक एवढाच की आपल्याकडे एक हंगाम जातो, तेथे पाच-दहा मिनिटे. आणि वाईट वाण जसा गावभर पसरतो, तसा चुकीचा साचाही पाच-दहा मिनिटांतच सगळीकडे पसरतो.

हाताने केलेल्या कामाची किंमत केवढी होऊ शकते, याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. नाइट कॅपिटल नावाची शेअरबाजारात व्यवहार करणारी पेढी. तिच्या आठ यंत्रांवर नवा प्रोग्रॅम बसवायचा होता. सात यंत्रांवर बसला, आठव्यावर बसवायचा राहिला. १ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी बाजार उघडताच त्या आठव्या यंत्रातला जुना, निकामी भाग जागा झाला आणि भराभर खरेदी-विक्री करीत सुटला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. पुढे सरकारी चौकशीत दिसून आले की बसवलेले काम दुसऱ्या माणसाने तपासावे असा लेखी नियमच तेथे नव्हता.

दुसऱ्या माणसाने तपासावे! आपल्या महसूल खात्यास ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जमिनीची खरेदी झाली म्हणून तलाठी थेट सातबाऱ्यावर खाडाखोड करीत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांक घालून नोंद होते. संबंधितांस नोटीस जाते, हरकतीस मुदत मिळते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मग सातबारा बदलतो. पुढे कधी भाऊबंदकी निघाली तरी फेरफाराचा क्रमांक सांगितला की कोणी, केव्हा, कशाच्या आधारे बदल केला ते निघते. लेखी साच्याच्या फाइली ज्या प्रणालीत ठेवतात तिचे नाव गिट. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ साली लिहिली. ती या नव्या कारागिरांची फेरफार नोंदवही आहे. एकाने बदल सुचवायचा, दुसऱ्याने वाचून मान्य करायचा, आणि जुनी नोंद पुसायची नाही.

अर्थात नोंदवही असूनही कागद आणि जमीन यांत अंतर पडते, हे आपल्याइतके कोणाला कळणार? सातबाऱ्यावर सोयाबीन आणि रानात कपाशी, अशी उदाहरणे कमी नव्हती. त्यावर २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने बांधावर उभे राहून स्वतः पिकाचा फोटो घालायचा. साच्यातही असेच अंतर पडते. रात्री बारा वाजता अडचण आली म्हणून कोणी चालू यंत्राचे एक दार हाताने उघडतो आणि लिहायचे विसरतो. कागद म्हणतो दार बंद. प्रत्यक्षात ते उघडे, आणि चोरास आमंत्रण. म्हणून ही साधने अधूनमधून कागद आणि यंत्र ताडून पाहतात. मौज अशी की महिन्याभराने साचा पुन्हा लागू झाला की ते दार निमूटपणे बंद होते, आणि मग कचेरीत ओरड होते की काल तर चालत होते!

येथवर आम्ही लिहिण्याची स्तुती केली. पण लिहिणाऱ्याने जे लिहिले नाही त्याचे काय? माणसाला दिलेल्या वहीत रकाना कोरा असला तर माणूस थांबतो, विचारतो. यंत्र पुष्कळदा थांबत नाही. त्या रकान्यात ते आपले स्वतःचे ‘नेहमीप्रमाणे’ भरते. ऑस्ट्रेलियात युनिसुपर नावाचा निवृत्तिवेतनाचा मोठा फंड आहे. सहा लाखांहून अधिक सभासद. त्याची यंत्रे गूगलच्या केंद्रात होती. ती उभारताना गूगलच्या अंतर्गत साधनात एक रकाना कोरा राहिला. कोऱ्याचा अर्थ त्या साधनाने असा घेतला की मुदत एक वर्ष. वर्ष संपले, आणि मे २०२४ मध्ये यंत्रे पुसली गेली. आठवडाभर लोकांना आपली शिल्लक दिसेना. दुसऱ्या पुरवठादाराकडे राखीव प्रती ठेवण्याचे शहाणपण फंडाने आधीच केले होते, त्यामुळे सारे परत उभे राहिले. निवृत्त शिक्षकांना आठवडाभर धाकधूक वाटली, ती कशाने? दुष्टाव्याने नव्हे, एका कोऱ्या रकान्याने.

आणखी दोन गोष्टी ओझरत्या सांगतो. पासवर्ड साच्याच्या फाइलीत लिहू नयेत. तसे करणे म्हणजे किल्ली कुलपातच ठेवून गावाला जाणे. दुसरी, ही साच्याची भाषा कोणाच्या मालकीची? टेराफॉर्म कित्येक वर्षे मुक्त होते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने परवान्याच्या अटी बदलल्या. तेव्हा वापरणाऱ्यांनीच जुन्या मुक्त प्रतीवरून ओपनटोफू नावाची शाखा काढली. बियाण्याच्या मालकीचा वाद ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे नवे वाटू नये.

आता आमच्या संस्थेकडे येतो. नऊ दिवसांनी यंत्र कसेबसे सुरू झाले, आणि समितीत आम्ही हट्ट धरला की पुढच्या उन्हाळ्यापूर्वी सारे साच्यात उतरवावे. चिटणीस म्हणाले, "चालते आहे ते कशाला हलवता?" खर्चावरून दोन बैठका झाल्या. शेवटी तोच मुलगा दर रविवारी पुण्याहून फोनवर बसला. येथील एका शिक्षिकेने लिहिले, त्याने तपासले. मेच्या सुट्टीत एका संध्याकाळी आम्ही सर्व माहितीची राखीव प्रत घेतली, चालू यंत्र मुद्दाम मोडले आणि साच्यातून नवे उभे केले. वीस-पंचवीस मिनिटांत ते उभे राहिले. टाळ्या झाल्या. मग पहिली पावती छापून पाहिली, तर विद्यार्थ्याच्या नावाच्या जागी नुसते चौकोन! मराठी अक्षरांचा फॉन्ट त्या मुलाने तीन वर्षांपूर्वी हाताने बसवला होता. त्या ‘नेहमीप्रमाणे’मध्ये तो होता, साच्यात नव्हता.

शिक्षिकेने एक ओळ वाढवली. पुण्याहून त्याने ती वाचली, मान्य केली. यंत्र पुन्हा मोडले, पुन्हा उभे केले. या वेळी पावतीवर नाव नीट आले, जोडाक्षरांसकट. चिटणिसांनी ती पावती हातात घेऊन दोनदा वाचली आणि विचारले, "मग आता त्या वहीचे काय करायचे?"