सर विल्यम वेडरबर्न : एका घराण्याचा हिशेब

(रत्नागिरी येथील व्याख्यानाचा मजकूर)



रत्नागिरीत सार्वजनिक जीवनाविषयी बोलावयाचे म्हटले की दोन नावे प्रथम आठवतात. लोकमान्य टिळक १८५६ साली या शहरात जन्मले, आणि गोपाळ कृष्ण गोखले १८६६ साली याच जिल्ह्यातील कोतळूक गावी. आज मी गोखल्यांच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्याविषयी बोलणार आहे. सर विल्यम वेडरबर्न हे त्यांचे नाव. आपण त्यांना सरसकट इंग्रज म्हणतो. घराणे मूळचे स्कॉटलंडचे.

वेडरबर्न हे बॅरोनेट होते. बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब आहे. त्याच्या धन्याला लॉर्डांच्या सभागृहात जागा मिळत नाही, पण नावामागे ‘सर’ लागते आणि ते वारसाकडे जाते. मुंबईच्या जमशेटजी जीजीभाईंना हा किताब १८५७ साली मिळाला होता. किताबाबरोबर मान येतो, बहुधा संपत्तीही येते. आणखी काय येते, ते या घराण्याच्या इतिहासात पाहावे.

विल्यमचे पणजोबा राजाविरुद्धच्या बंडात सामील झाले. कलोडनच्या लढाईत बंडखोरांचा पराभव झाल्यावर १७४६ साली त्यांना फाशी झाली आणि किताब व मालमत्ता जप्त झाली. निराधार झालेला मुलगा जॉन जमैकाला गेला आणि गुलामांच्या श्रमावर साखरेचे मळे पिकवून गबर होऊन परतला. परतताना त्याने जोसेफ नाइट नावाचा एक आफ्रिकी तरुण घरकामासाठी आणला. नाइटने लग्न केले, स्वातंत्र्य मागितले. धन्याने त्याला अटक करविली. नाइट न्यायालयात गेला. १७७८ साली स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयाने निर्णय दिला की जमैकाचा गुलामगिरीचा कायदा या भूमीवर चालणार नाही. हा खटला हरलेला जॉन वेडरबर्न म्हणजे आपल्या विल्यमचा सख्खा आजोबा. राजसत्तेचा अन्याय सोसलेल्या माणसाने दुसऱ्यांवर त्याहून घोर अन्याय करावा, हे इतिहासात नवे नाही. १८०३ साली घराण्याला पुन्हा बॅरोनेटचा किताब मिळाला. जमैकाच्या त्या पैशाचा हिशेब मात्र राजदरबारात कोणी मागितला नाही.

विल्यमचा जन्म १८३८ चा. थोरला भाऊ हिंदुस्थानात मुलकी सेवेत होता. १८५७ च्या उठावात तो हिस्सार येथे मारला गेला. ज्या देशात भाऊ गमावला त्या देशाविषयी मनात सूड धरणे सोपे होते. विल्यम १८६० साली मुंबई इलाख्याच्या सेवेत रुजू झाला आणि पुढील सत्तावीस वर्षांत त्याने दुसराच मार्ग पत्करला. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. दंगे पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. इतर अधिकाऱ्यांना त्यात बंदोबस्ताचा प्रश्न दिसला, वेडरबर्नना कर्जाचा दिसला. न्यायमूर्ती रानड्यांच्या साहाय्याने त्यांनी शेतकऱ्यांना माफक व्याजाने कर्ज देणाऱ्या शेतकी बँकेची योजना मांडली. व्हाइसरॉय रिपन यांचे सरकार अनुकूल झाले. लंडनच्या भारतमंत्र्याने ती फेटाळली.

१८८२ साली दुसऱ्या भावाच्या मृत्यूनंतर किताब विल्यमकडे आला. १८८७ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी उरलेले आयुष्य हिंदुस्थानच्या कामाला दिले. १८८९ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. १८९३ ते १९०० पार्लमेंटात बसले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगावर दादाभाई नौरोजींसमवेत त्यांनी काम केले आणि बहुमताविरुद्धच्या वेगळ्या अहवालावर सही केली. याच आयोगापुढे १८९७ साली तरुण गोखल्यांनी साक्ष दिली. १९१० साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, ते अलाहाबादच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविण्यासाठी पुन्हा समुद्र ओलांडून आले. त्या वेळी रत्नागिरीचे टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. १९१८ साली वेडरबर्न निवर्तले.

या माणसाविषयी कृतज्ञता वाटलीच पाहिजे. परंतु समाजवाद्याने तेथे थांबू नये. बँकेची योजना चांगली होती, मांडणारा वजनदार होता, तरीही सातासमुद्रापलीकडच्या एका नकाराने ती मोडली. तिच्यामागे शेतकऱ्याच्या हाती सत्ता नव्हती. जोसेफ नाइटची सुटकाही धन्याच्या दयेने झाली नाही. त्याने ती भांडून मिळविली. सज्जनांचे साहाय्य मोलाचे असते, पण ते हक्काची जागा घेऊ शकत नाही.

आणि दुसरी गोष्ट आपल्या घराजवळची आहे. या सभागृहात खोतांची नातवंडे असतील, कुळांचीही असतील. टिळकांचे घराणेही खोतांचे होते. या जिल्ह्यातील कुळांनी शतकभर खोतांच्या वेठीचा आणि मक्त्याचा भार वाहिला. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. कायदा झाला तो १९४९ साली. आजोबांनी काय केले याबद्दल नातवाला शिक्षा करता येत नाही. पण आजोबांची जमीन आणि प्रतिष्ठा स्वीकारावयाची आणि कुळाच्या दुःखाची आठवण नाकारावयाची, हेही त्याला करता येणार नाही. गुलामांच्या धन्याचा नातू कर्जबाजारी शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहू शकला. किताब त्याला जन्माने मिळाला होता. बाजू त्याने स्वतः निवडली. ती निवड आपल्यालाही करावयाची आहे, आणि तिला सवड फार नाही.