साठ की आठ? मागावरच्या कानांसाठी नवी यंत्रं



बाजारात भाजीवाली 'साठ' म्हणाली की 'आठ', हे ज्यांना हल्ली पुन्हा विचारावं लागतं, त्यांच्याशी मला आज बोलायचं आहे. आणि त्यातही आमच्या इचलकरंजीच्या मागवाल्यांशी.

विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. त्यावर हजारो घरं उभी राहिली. पण साध्या मागावर धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा या टोकाहून त्या टोकाला आपटतो, आणि एका शेडमध्ये असे कितीतरी माग एकदम चालतात. तिथला आवाज नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं मत त्याहून कडक आहे: ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तास चालेल, पण १०० डेसिबलचा आठवड्यातून साधारण वीस मिनिटंच.

आपल्या प्रत्येक कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्याला कॉक्लिया म्हणतात. त्यात केसांसारखे तंतू असलेल्या पंधरा-सोळा हजार नाजूक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटानं आधी मरतात त्या बारीक, उंच आवाज टिपणाऱ्या पेशी. म्हणून 'आ', 'ओ' नीट ऐकू येतात, पण 'स', 'श', 'फ' निसटतात. साठचं आठ होतं ते असं. माणूस म्हणतो, "मला ऐकू येतंय, लोकच पुटपुटतात." घरातले ओरडून बोलू लागतात, त्यानं आवाज मोठा होतो, शब्द स्पष्ट होत नाहीत, आणि वर भांडण होतं ते वेगळंच.

यावरची पहिली यंत्रणा म्हणजे ऑडिओमेट्री, श्रवणचाचणी. शांत खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. दुखत नाही, अर्ध्या तासात होते. त्यातून निघणाऱ्या आलेखावर चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसला, तर तो बहुधा गोंगाटाचा असतो, आणि हा खड्डा माणसाला स्वतःला जाणवायच्या कितीतरी आधी दिसतो. मागवाल्यांनी, कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतल्या कामगारांनी वर्षातून एकदा ही चाचणी करून घ्यावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

आणि कान वाचवायचे तर कानात कापूस कोंबून उपयोग होत नाही. फोमचे इअरप्लग मिळतात. ते बोटांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. "प्लग घातले तर माग बिघडलेला कळणार कसा?" हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि तो रास्त आहे, कारण चांगला कामगार मागाच्या आवाजावरूनच दोष ओळखतो. पण प्लगनं सगळाच आवाज खाली येतो. बदललेला ठेका त्यातूनही कळतो. काही दिवस सवय लागू द्यावी.

आता ज्यांचं ऐकणं आधीच कमी झालंय त्यांच्याविषयी. जुनी मशिनं सगळेच आवाज सरसकट मोठे करायची, म्हणून ती कपाटात पडून राहिली. आजची डिजिटल श्रवणयंत्रं तुमच्या आलेखाप्रमाणे जुळवता येतात: जो आवाज कमी पोचतो तोच वाढवायचा, भांडी पडल्याचा आवाज दाबायचा, समोरच्याचं बोलणं पुढे आणायचं. म्हणूनच चाचणीशिवाय जाहिरात बघून मशीन मागवू नका. आधी कानात मळ साठलाय का तेही डॉक्टरांकडून बघून घ्या. कधी कधी तेवढ्यानंच काम होतं.

आणि धीर धरा. कित्येक वर्षं न ऐकलेले आवाज पुन्हा ओळखायला मेंदूला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवशी चपलांचा, पंख्याचा आवाजही त्रास देतो. पहिले काही दिवस घरातच, एकेका माणसाशी बोलताना वापरा, मग बाजारात, मग लग्नात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ओल हा यंत्राचा मोठा शत्रू आहे. रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवावं. छोट्या बॅटरीचं रंगीत स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मगच ती बसवावी, कारण ती हवेवर चालते.

ऐकू न येणाऱ्या माणसाचं गप्पांतून उठून जाणं मला फार सलतं. वैद्यकीय अभ्यासही सांगतात की मध्यम वयात दुर्लक्षित राहिलेला बहिरेपणा पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतो. फोनवर लाइव्ह ट्रान्स्क्राइबसारखी सोय आहे, समोरच्याचं मराठी बोलणं ती पडद्यावर लिहून दाखवते. नातवाला सांगून एकदा वापरून बघा.

तान्ह्या बाळांबद्दल मात्र घाई करा. पाठीमागून ताट वाजवून बाळ दचकलं म्हणजे त्याला ऐकू येतं, असं समजू नका. ते हादऱ्यानं किंवा सावलीनंही दचकतं. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून होणारी ओएई चाचणी पहिल्या महिन्यात व्हावी, शंका असल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात. अशा नात्यातल्या घरांत जन्मजात बहिरेपणाची शक्यता वाढते, म्हणून तिथे तर चाचणी चुकवूच नये.

ज्या बाळाला श्रवणयंत्राचा उपयोग होत नाही, त्याच्यासाठी कॉक्लियर इम्प्लांट आहे. कानामागचा भाग आवाज पकडतो, आतली बारीक तार तो विजेच्या संकेतांत थेट श्रवण-नसेला देते. यात वय फार मोलाचं आहे, कारण भाषा शिकणाऱ्या मेंदूची खिडकी पहिल्या काही वर्षांतच सगळ्यात मोठी उघडी असते. शस्त्रक्रियेनंतर महिनोन् महिने वाचोपचार लागतात, त्यात आईवडिलांचाच वाटा मोठा. केंद्राच्या अॅडिप योजनेतून यासाठी मदत मिळते. मुंबईतली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्याचं काम पाहते. लहान मुलांच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडी आणि शाळांत येतात. त्यांना मुलाच्या कानांबद्दल स्पष्ट विचारा. मोठ्यांनी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात जावं, आणि जाताना घरातल्या एका माणसाला बरोबर न्यावं, कारण काय ऐकू येत नाही हे त्यालाच जास्त ठाऊक असतं.