तारे आणि आपण



देवयानी नक्षत्रांत निरभ्र रात्रीं जो अंधुक ठिपका दिसतो, ती दुसरी एक आकाशगंगा होय. तिचा प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत येण्यास सुमारें २५ लाख वर्षें लागतात. त्यापुढें आपल्या ज्युबिलीचा हिशेब तो काय!

विश्व प्रसरण पावत आहे, असें १९२७ सालीं गणितानें मांडणारे बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र आमच्यासारखेच धर्मगुरु होते. (गणितांत मात्र आम्ही सेमिनरींतही मागेंच!) १९३१ सालीं त्यांनीं आदिअणूची कल्पना पुढें केली. १९५१ सालीं पोप बारावे पायस यांनीं ह्या नव्या शास्त्रांत उत्पत्तीची साक्ष पाहिली, तेव्हां लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत श्रद्धेचा पुरावा म्हणून वापरला जाऊं नये, असें त्यांचें मत होतें. सिद्धांत उद्यां बदलूं शकतो. श्रद्धा त्यावर कशी टांगावी?

ही अस्वस्थता आम्हांस मोलाची वाटते. कारण ह्याच वेदीपासून आम्हीं एकदां ताऱ्यांचे दाखले देऊन एका शंकेखोर तरुणास निरुत्तर केलें होतें, आणि तें बरें केलें नाहीं. तो आज येथें बसला आहे. प्रार्थना आटोपल्यावर दिवे मालवून त्याच्यासह तो ठिपका शोधावा, असा आमचा विचार आहे.