मत बदलायला पंधरा वर्षं

मी डोंबिवलीचा. निवृत्त होईपर्यंत कल्याणच्या एका शाळेत इतिहास शिकवत होतो. आज मात्र बोलणार आहे ते कॉम्प्युटरवरच्या एका खेळाविषयी. दचकू नका; गोष्ट खेळाची कमी आणि माझ्या मताची जास्त आहे.

२००९ सालचा एप्रिल महिना. मुलगा बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. साठवलेल्या पैशांतून त्यानं ‘एम्पायर : टोटल वॉर’ नावाचा खेळ आणला. क्रिएटिव्ह असेंब्ली या इंग्लंडमधल्या कंपनीनं तो त्याच मार्चमध्ये बाजारात आणला होता. खेळ सुरू होतो इसवी सन १७०० मध्ये. युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान असे तीन मोठे नकाशे. आपण एक सत्ता निवडायची, कर बसवायचे, रस्ते बांधायचे, तह करायचे आणि वेळ आली की लढायचं. निवडायच्या सत्तांमध्ये मराठेही होते. मुलगा म्हणाला, “बाबा, तुमचाच विषय आहे. बसा ना जरा.”

बसलो. तोफांचा धूर, शिडाची जहाजं पाहून थक्क झालो. समुद्रावरची लढाई प्रत्यक्ष लढवता येणं हे या मालिकेत प्रथमच घडत होतं. पण थोड्या वेळानं मुलगाच म्हणाला, “एक गंमत सांगू? यात इंग्रज फौज घेऊन समुद्रातून येतच नाहीत!”

जगभरच्या खेळाडूंची तेव्हा हीच तक्रार होती. ज्या सत्ता कॉम्प्युटर चालवतो, त्यांना जहाजांतून सैन्य नेऊन परक्या किनाऱ्यावर उतरवणं जमत नव्हतं. खेळ मध्येच बंद पडतो, शत्रूचं सैन्य तटापाशी गोंधळून उभं राहतं, अशाही तक्रारी होत्या. समीक्षकांनी शंभरात नव्वदीच्या घरात गुण दिलेले, आणि पैसे मोजून घेणारे मात्र चिडलेले.

मी तर हसलोच. अहो, ज्या कल्याणात मी शिकवत होतो, ते महाराजांनी १६५७ साली घेतलं आणि इथल्याच खाडीकाठी मराठी आरमाराची सुरुवात झाली. समुद्राकडे पाठ करून राज्य राखता येत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. ठाण्याचा किल्ला घ्या. पोर्तुगीजांकडून तो मराठ्यांनी १७३७ साली जिंकला आणि १७७४ च्या डिसेंबरात मुंबईहून आलेल्या इंग्रजांनी तो आपल्याकडून घेतला. आज तिथं ठाण्याचा तुरुंग आहे. आपल्या जिल्ह्याचा निम्मा इतिहास पाण्यावरून आला, आणि या खेळात पाण्यावरून कोणीच येईना! मी निकाल देऊन टाकला : “चित्रं सुंदर, इतिहास शून्य.” शिक्षकांच्या खोलीत बोललो, पालकसभेतही बोललो. लोक हसले. मला बरं वाटलं.

पुढच्या काही महिन्यांत कंपनीनं दुरुस्तीमागून दुरुस्ती पाठवली. आमच्याकडे इंटरनेट तेव्हा मुंगीच्या पावलानं चाले. दुरुस्तीची एकेक फाइल रात्रभर उतरत असे. सकाळी उठून मुलगा आधी ते पाही, मग दात घासायला जाई. हळूहळू खेळ सावरला. परक्या फौजा जहाजांतून किनाऱ्यावर उतरू लागल्या. खेळाडूंच्या बोलण्यातला सूरही बदलत गेला. त्याच वर्षी कंपनीच्या एका वरिष्ठ माणसानं, माइक सिम्प्सन यांनी, आपलं कुठं चुकलं ते जाहीरपणे लिहिलं.

एका संध्याकाळी मुलगा आतून ओरडला, “बाबा, या! आता येतात ते समुद्रातून!” मी पेपर तपासत होतो. म्हटलं, “पाहिलंय मी तुझं ते.” उठलो नाही. त्यानं पुन्हा कधी बोलावलं नाही.

श्रोतेहो, माझं पहिलं मत खोटं नव्हतं. अर्धाकच्चा माल पूर्ण किमतीला विकला तर गिऱ्हाइकानं बोललंच पाहिजे. नंतरच्या दुरुस्तीनं आधीची चूक पुसली जात नाही, आणि लोकांनी आरडाओरडा केला नसता तर ती दुरुस्ती इतक्या तातडीनं झाली असती, असं मला वाटत नाही. माझं चुकलं ते पुढं. वस्तू बदलली, मी माझं मत तसंच जपून ठेवलं. सहामाहीत नापास झालेल्या मुलाचा वार्षिक पेपर न तपासताच त्याला पुन्हा नापास करावं, तसं. आणि खरं सांगायचं तर वर्गातही हे माझ्या हातून झालं असणार. जूनमध्ये ‘हा ढ’ असं एकदा मनात बसलं की मार्चपर्यंत त्याची वही मी किती मन लावून पाहिली असेल, कोण जाणे.

अशा उशिराची किंमतही पडते. २०१९ साली ‘इम्परेटर : रोम’ नावाचा असाच एक इतिहासावरचा खेळ आला. लोकांनी नावं ठेवली. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात फार मोठी सुधारणा झाली आणि अभिप्राय बदलू लागले. पण त्याच वर्षी कंपनीनं त्यावरचं पुढचं काम थांबवलं. लोक चांगलं म्हणू लागले, तोवर कारागीर हत्यारं आवरत होते.

आमच्या घरची गोष्ट त्यामानानं नशिबाची. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एम्पायर’ मोबाइल फोनवर आला. मुलगा आता तिशी ओलांडलेला, नोकरीनिमित्त परगावी असतो. सुट्टीत घरी आला, तेव्हा सोफ्यावर बसून तेच खेळत होता. या वेळी त्यानं बोलावलं नाही. मीच चष्मा घेऊन शेजारी जाऊन बसलो आणि म्हटलं, “दाखव बघू, ते समुद्रातून कसे येतात.”

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फोन सरळ माझ्या हातात दिला. “तुम्हीच खेळा.”

खेळलो. मराठ्यांचं राज्य माझ्या हाती. मी उत्तरेकडे फौजा पाठवण्यात गुंग, आरमार भलतीकडेच. आणि परकी जहाजं गुपचूप किनाऱ्याला लागली. इतकी वर्षं आरमाराचा धडा शिकवणारा मास्तर आपलाच किनारा गमावून बसला. मुलगा खो-खो हसला. मीही हसलो. मग त्याला म्हणालो, “चांगला आहे रे खेळ. तेव्हाच उठून यायला हवं होतं.”