देखणेपणाचा सोस आणि ग्राहकाचा रोष



वस्तूची किंमत तिच्या देखणेपणावर ठरत असेल. तिची योग्यता मात्र नित्याच्या वापरातच सिद्ध होते. या साध्या सत्याचा विसर जगातील बलाढ्य कंपन्यांनाही पडतो. अमेरिकेतील ॲपल कंपनीच्या लॅपटॉपचा कळफलक हे त्याचे बोलके उदाहरण होय.

२०१५ मध्ये या कंपनीने नवा ‘मॅकबुक’ बाजारात आणला. तो अधिक सडपातळ व्हावा म्हणून कळांखालील कात्रीसारखी जुनी रचना काढून फुलपाखराच्या पंखांसारखी नवी रचना बसविण्यात आली. पुढे ती अन्य लॅपटॉपमध्येही आली. कळफलक दिसायला सुबक होता. परंतु धुळीचा एखादा कण आत शिरला, की कळ अडकून बसे, अक्षर दोनदा उमटे किंवा मुळीच उमटत नसे. त्यावर कंपनीचा सल्ला काय? लॅपटॉप ७५ अंशांत तिरपा धरावा आणि कळांवर हवेचा फवारा मारावा!

सामान्य ग्राहकाचा संताप येथेच अनावर झाला. कळफलक वरच्या आवरणाला पक्का जोडलेला असल्याने एका कळीपायी बॅटरीसह सारा भाग बदलावा लागे. हमीची मुदत संपली असेल, तर शेकडो डॉलरचा भुर्दंड. एवढे करून बसविला जाई तोही त्याच रचनेचा कळफलक! दुखणे तसेच, औषध मात्र महाग.

मे २०१८ मध्ये ग्राहकांनी कॅलिफोर्नियातील न्यायालयात सामूहिक दावा दाखल केला. जूनमध्ये कंपनीने खरेदीपासून चार वर्षांपर्यंत विनामूल्य दुरुस्तीची योजना घोषित केली. मात्र दोष ‘अल्प प्रमाणात’ असल्याचे पालुपद सोडले नाही. अखेर नोव्हेंबर २०१९ पासून जुनी रचना परतली आणि मे २०२० पर्यंत फुलपाखरू मॅकबुकमधून हद्दपार झाले. २०२२ मध्ये कंपनीने ५ कोटी डॉलर देऊन दावा मिटविला; चूक मात्र मान्य केली नाही. ही भरपाई अमेरिकेतील केवळ सात राज्यांच्या ग्राहकांसाठी होती. भारतातील खरेदीदाराला त्यात वाटा नव्हता.

या वस्तुस्थितीतून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. परदेशातील न्यायालय भारतीय ग्राहकाचा कैवार घेणार नाही. तो कैवार ग्राहकाने येथेच, संघटितपणे घ्यावयाचा आहे. महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदा देशात यायला अजून बारा वर्षे होती. आज २०१९ च्या कायद्याने वस्तूच्या रचनेतील दोषामुळे होणाऱ्या हानीलाही उत्पादक उत्तरदायी ठरतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही. मात्र दोन वर्षांची मुदत पाळावी लागते.

म्हणून पावती जपावी, तक्रार लेखी करावी, प्रत्येक उत्तराची नोंद ठेवावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकाचा उपयोग करावा. आणि मुख्य म्हणजे, शेजाऱ्याचीही तीच तक्रार आहे काय, हे विचारावे. एकट्याची कुरकुर कंपनीच्या दूरध्वनीवरील संगीतात विरून जाते. शेकडोंचा एकमुखी स्वर तिला ऐकावाच लागतो.

नशिबाला दोष देऊन गप्प बसणारा ग्राहक दोषपूर्ण वस्तूला बाजारात अभय देतो. जाब विचारणारा ग्राहक स्वतःचे हित साधतोच, पण पुढच्या खरेदीदाराचेही रक्षण करतो. जागृत नागरिकाचे हेच कर्तव्य आहे.