परीक्षेत न येणारा प्रश्न



मी एम.एस्सी.ला असताना क्वांटम मेकॅनिक्सच्या तासाला विचारलं होतं, मोजण्याआधी इलेक्ट्रॉन कुठे असतो? उत्तर मिळालं, ‘हे परीक्षेत येत नाही.’ पुढे माझ्या एका विद्यार्थ्याने याच प्रश्नावर पीएच.डी.चा आराखडा दिला. समितीने तो परत केला, शेरा मारला, ‘हे तत्त्वज्ञान आहे.’ हुशार मुलगा होता, बँकेत लागला. त्या शेऱ्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

कारण हे आधीही घडलंय. १९३२ मध्ये गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी ‘सिद्ध’ केलं की क्वांटम सिद्धान्ताच्या तळाशी लपलेली निश्चित मूल्यं असूच शकत नाहीत. १९३५ मध्ये ग्रेटे हर्मान या एमी नोएथर यांच्या विद्यार्थिनीने त्या सिद्धतेतलं भोक दाखवलं. लेख छापला तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात, म्हणून बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांनी तो वाचलाच नाही. तेच भोक भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांना स्वतंत्रपणे पुन्हा शोधावं लागलं. ते छापून आलं १९६६ मध्ये! मधली तीस वर्षं कोणी भरून द्यायची?

बेल यांची नोकरी जिनिव्हाच्या सर्नमध्ये, कणभौतिकी आणि त्वरकांच्या कामाची. क्वांटमच्या तळाशी काय आहे, हा विचार ते वेळ काढून करत. १९६४ मध्ये त्यांनी दाखवलं की दूर गेलेल्या दोन कणांची मोजमापातली उत्तरं आधीच ठरलेली असतील आणि एकाचा दुसऱ्यावर परिणाम होत नसेल, तर त्यांच्या जुळणीला मर्यादा पडते. पुढे ती ज्या रूपात तपासली गेली, त्यात ती मर्यादा २. क्वांटमचं गणित सुमारे २.८३ पर्यंत जातं. तत्त्वज्ञान म्हणून हिणवलेला वाद असा प्रयोगशाळेत आला. ही मर्यादा तपासू पाहणाऱ्या जॉन क्लाउझर यांना ‘यात करिअर बुडेल’ असं बजावलं गेलं होतं. त्यांनी आणि सहकारी फ्रीडमन यांनी १९७२ मध्ये बर्कलीत प्रयोग केला, मर्यादा मोडलेली दिसली. क्लाउझर यांना नोबेल मिळालं २०२२ मध्ये. बेल १९९० मध्येच गेले होते.

आणि या वादाबद्दल पुस्तकं अजून लिहितात, ‘आईनस्टाईन हरले, बोर जिंकले, वाद मिटला.’ साफ चूक! मोडली ती ‘उत्तरं आधीच ठरलेली’ आणि ‘एकाचा दुसऱ्यावर परिणाम नाही’ या दोन गृहीतकांची जोडगोळी. भौतिकशास्त्रज्ञ बोम यांचा १९५२ चा क्वांटम सिद्धान्त आणि एव्हरेट यांचा १९५७ चा, दोन्ही या प्रयोगांतून सुखरूप बाहेर पडतात. स्वतः बेल बोम यांची बाजू आयुष्यभर मांडत राहिले. जग मुळात कसं आहे, हा प्रश्न उघडाच आहे.

तुम्हा पदवीधरांपैकी काही जण उद्या शिकवतील, काही निवड समित्यांवर बसतील. एखाद्या मुलीने विचारलं की मापन नक्की कुठे पूर्ण होतं, उपकरणात की पाहणाऱ्यात, तर कृपा करून तिला दुसऱ्या विभागाचा रस्ता दाखवू नका. बेल यांचा १९६४ चा लेख काढा आणि तिच्यासोबत बसा. मोजकी पानं आहेत, आणि त्यातलं गणित तुम्हाला आजच येतं.